चिनी लोक डुकराला पवित्र मानतात का?

तुम्ही विचारलंय की चिनी पंचांगात अख्खं वर्षच डुकराच्या नावाचं असतं, मग ते त्याला पवित्र मानतात का आणि मानत असतील तर खातात कसे?

पवित्र नाही, शुभ. आपली गल्लत होते कारण आपल्या डोक्यात गाय असते. गायीऐवजी नारळ आठवा. देवापुढे ठेवतो, फोडतो आणि खोबरं वाटून खातो. हाँगकाँगमध्ये सिनेमाच्या मुहूर्ताला टेबलावर अख्खं भाजलेलं डुक्कर ठेवतात, लालसर कुरकुरीत कातडीचं. उदबत्त्या लावून नमस्कार होतो, मग दिग्दर्शक आणि नटनट्या त्यावर सुरी चालवतात. मुंबईत अशा वेळी नारळ फुटतो.

मी मँडरिन शिकत होतो तेव्हा बाईंनी ‘घर’ हे अक्षर फोड करून दाखवलं: वर छप्पर, खाली डुक्कर. वर्गात खसखस पिकली. पण सुमारे २ हजार वर्षांपूर्वीच्या हान काळातल्या थडग्यांत मातीची चिमुकली घरं सापडली आहेत, त्यांत संडास वर आणि खाली डुकरं. म्हणजे उष्टंखरकटं काय नि बाकीचं काय, सगळं पोटात घालून शेताला खत देणारं जनावर. दारात डुक्कर असलं की त्या घराचं बरं चाललंय. त्याच काळात मेलेल्या श्रीमंताच्या मुठीत जेडची डुकरं ठेवायचे (जेड म्हणजे हिरवट मौल्यवान दगड), गाठीला दोन पैसे असावेत तशी.

नववर्षाला उत्तर चीनमधल्या थ्येनजिन शहराकडे खिडकीवर काळ्या कागदात कापलेलं लठ्ठ डुक्कर लावतात, पाठीवर धनाचं घमेलं घेतलेलं. ते नाकानं ढोसत दार उघडतं आणि लक्ष्मी आत येते. (लक्ष्मी हा शब्द माझा.) डुकराचं शेवटचं वर्ष २०१९ होतं, पुढचं २०३१.

शिवी म्हणूनही ‘डुक्कर’ चालतंच, आळशी नि खादाडाला. मिंग घराण्यातल्या सम्राटांचं आडनाव झू, आणि डुकरालाही झू. त्यांच्यातला झेंगदे सम्राट जन्मलाही डुकराच्या वर्षी, १४९१ मध्ये. त्यानं १५१९ साली डुकरं पाळण्यावर आणि कापण्यावर बंदी घातली. ती फार टिकली नाही. टिकणार कशी? चिनीत नुसतं ‘मटण’ अशा अर्थानं ‘रौ’ म्हटलं की डुकराचंच समजतात.

मला मात्र सगळ्यात आवडतो तो झू बाज्ये. शाळेच्या पुस्तकातला ह्यू एन त्संग आठवतो ना, पुलकेशीच्या काळात महाराष्ट्रात येऊन गेलेला? त्याच्या भारतयात्रेवर पुढे ‘पश्चिमेची यात्रा’ ही अद्भुत कादंबरी झाली, तिच्यात हा त्याचा डुक्करतोंड्या शिष्य आहे. मुळात स्वर्गातला सेनापती. दारूच्या नशेत चंद्रावरच्या देवीची छेड काढली म्हणून खाली ढकलला, आणि चुकून डुकरिणीच्या पोटी जन्मला. हातात नऊ दात्यांचं दाताळं, डोक्यात जेवण आणि बायका. वाट अवघड झाली की हा सामान वाटून घेऊन घरी जायची भाषा करतो. तरी पोरं त्याच्यावर खूश असतात.

शेवटी सगळ्यांना बढती मिळते. गुरू बुद्ध होतो, त्याचा दुसरा शिष्य असलेलं माकडही बुद्ध होतं. बाज्ये चिडून विचारतो, मला का नाही? बुद्ध सांगतात, तुझी भूक मोठी आहे, म्हणून जगभरातल्या वेद्यांवर उरलेला नैवेद्य संपवायचं काम तुला दिलंय.