तुझा मेसेज वाचला, त्यावरून

बाळा,
प्रभूच्या नावात सलाम.

मंगळवारी रात्री पावणेबाराला आलेला तुझा मेसेज वाचला, सकाळी उठून परत वाचला. फोनच करणार होते पण फोनवर तू नुसतं हो काकू, हो काकू करतेस आणि विषय तिथंच संपतो, म्हणून लिहायला बसले. नाताळच्या उपासनेतलं सोलो त्या नवीन मुलीला दिलं, सहा वर्षं कॉयरमध्ये असून तुला कोणी साधं विचारलं पण नाही, आणि आता रविवारी चर्चला पाय उचलत नाही तुझा. वाईट वाटणारच गं. सांगलीहून मिरजेची बस धरून भर पावसात भिजत प्रॅक्टिसला आलेली मी तुला बघितलंय. आधी तुझ्याशी बोलायला पाहिजे होतं हे माझं पण मत आहे, आणि ते तू पाळकसाहेबांना समोर जाऊन सांग, एकटीनं, शांतपणे. नम्र व्हायचं म्हणजे तोंड शिवून बसायचं असं कुठं लिहिलेलं नाही.

पण एक गोष्ट मला टोचली. एवढा लांबलचक मेसेज, सगळा मी, मला, माझं यानं भरलेला, आणि येशूचं नाव फक्त एकदा, ते पण 'त्यानं तरी बघायला नको का' एवढ्यापुरतं.

तुझी चूक काढायची म्हणून नाही सांगत, हे दुखणं मला आतून माहितीये. आईच्या शेवटच्या आजारपणात मी मिरजेला दवाखान्यात नऊ दिवस तिच्या उशाशी होते. सकाळ-संध्याकाळ बायबल उघडून प्रार्थना, अगदी रडून रडून, प्रभू माझ्या आईला बरं कर, मला एकटीला टाकू नको. शेजारच्या खाटेवर एक म्हाताऱ्या बाई होत्या, हिरवी नऊवारी, हाताला सलाईन. त्यांच्याकडे कोणी येत नव्हतं. मला डोळा लागला की त्याच उठायच्या आणि सलाईनचा हात जपत दुसऱ्या हातानं आईला पाणी पाजायच्या. दोनदा मी अर्धवट झोपेत बघितलं आणि तशीच परत झोपले. दहाव्या दिवशी सकाळी बघते तर खाट रिकामी, चादर बदललेली. सिस्टरनं सांगितलं, रात्रीच गेल्या. मी नाव विचारायला तोंड उघडलं आणि माझं मलाच कळलं की नऊ दिवसांत मी त्यांना नाव विचारलं नव्हतं, जेवलात का विचारलं नव्हतं, त्यांच्यासाठी एक ओळ प्रार्थना केली नव्हती. आणि वॉर्डमधले सगळे मला म्हणत होते, काय विश्वास आहे ताईंचा!

तेव्हापासून मला प्रार्थनेतल्या मीपणाची जास्त भीती वाटते. बाहेरचा दिसतो तरी, हा भक्तीच्या पदराआड बसलेला असतो.

मार्कच्या शुभवर्तमानाचा 10 वा अध्याय काढ. 32 व्या वचनापासून वाच, 35 पासून नाही, आपण नेहमी तिथंच चुकतो. येशू यरुशलेमच्या वाटेवर सांगतोय की मला धरून देतील, माझ्यावर थुंकतील, फटके मारतील, ठार करतील. आणि त्यावर त्याचेच शिष्य याकोब आणि योहान काय बोलतात तर आम्हाला तुझ्या उजव्या-डाव्या बाजूला बसव! त्याचं मरण यांच्या कानावरून गेलं आणि डोक्यात खुर्ची. बाकीचे दहा चिडले, पण मला नाही वाटत ते येशूसाठी चिडले, त्यांना पण तीच जागा पाहिजे असणार. तरी त्यानं कोणाला घालवून दिलं नाही, जवळ बोलावलं आणि सांगितलं, मोठं व्हायचंय ना, मग सेवक व्हा, मी पण सेवा करून घ्यायला नाही, सेवा करायला आलोय. मला ते 'जवळ बोलावलं' फार धीर देतं. तुला पण तो जवळच बोलावतोय.

आता हे वाचून तू 'मी किती स्वार्थी, मी कसली ख्रिस्ती' असं सुरू करशील, मी ओळखते तुला. ते नको करू. स्वतःला कोसत बसणं हा पण मीपणाच आहे, नजर स्वतःवरून हललेलीच नसते. मीपणाशी कुस्ती खेळून तो जात नाही, लक्ष दुसऱ्या माणसावर गेलं की आपोआप सैल पडतो. बायबलमधल्या फिलिप्पैकरांच्या पत्रात एपफ्रदीत आहे बघ, प्रेषित पौल कैदेत असताना त्या मंडळीकडून त्याच्यासाठी मदत घेऊन गेलेला. तिथं तो मरता मरता वाचला आणि त्याला काळजी कसली, तर माझ्या आजारपणाची बातमी घरच्या मंडळीला कळली, ते बिचारे घोर करत असतील! त्याच्या नावावर मोठं प्रवचन नाही की काही नाही, पण मला तो फार आवडतो.

आणि तू जी गाणी म्हणतेस ना उपासना संगीतातली, आपल्या गीतांच्या पुस्तकातली, त्यातली किती तरी ना. वा. टिळकांची. केवढा नावाजलेला कवी, पण 1917 ला मिशनचा पगार सोडला आणि आपल्या शेजारी साताऱ्यात 'देवाचा दरबार' नावाची संगत सुरू केली, बाप्तिस्मा झालेला असो नसो, ख्रिस्तावर प्रेम करणाऱ्या सगळ्यांसाठी. दोन वर्षांत गेले. आज निम्मी मंडळी त्यांचं भजन तोंडपाठ म्हणते आणि ते कोणाचं हे माहीत नसतं, तरी डोळ्याला पाणी येतं ना लोकांच्या?

मी तुला एवढंच सांगेन, आठवडाभर रोज रात्री त्या मुलीसाठी प्रार्थना कर, नाव घेऊन. पहिले दोन दिवस शब्द घशात अडकतील, अडकू देत, तसंच म्हण. ती जत तालुक्यातनं आलीये, नर्सिंगला आहे, होस्टेलला राहते, घर सोडून पहिल्यांदाच बाहेर. उपासना संपल्यावर आपण सगळे घरी जाऊन मटणाचं जेवण करतो, ती कुठं जेवते हे मला माहीत नाही. तुला माहितीये? तिला वरच्या पट्टीत श्वास पुरत नाही हे मात्र मी दोन प्रॅक्टिसला ऐकलंय, आणि श्वास कुठं घ्यायचा हे आपल्या मंडळीत तुझ्याइतकं कोणाला कळत नाही. केलंस तर स्टेटसला टाकू नको, मला पण सांगू नको.

शनिवारी साडेपाचला प्रॅक्टिस आहे, किल्ली माझ्याकडेच आहे, मी पाचलाच उघडते. तू बस स्टँडवरून येतेस, तिचं होस्टेल वाटेतच आहे. तिला बरोबर घेऊन ये. रविवारी दोघी माझ्याकडे जेवायला, रस्सा जास्तच करते.

तुझी,
काकू