पोरगा केबलवाल्याच्या मागे फिरतो

इंदूरच्या सुदामानगरातून एका आईचं पत्र आलं आहे. थोडं आटोपशीर करून देते:

"माझा मुलगा ओंकार (नाव बदललं आहे) यंदा बारावी झाला. पीसीएम, ७४ टक्के, जेईई मेनमध्ये ८१ पर्सेंटाइल. परीक्षा संपल्यापासून कॉलनीतल्या इंटरनेटवाल्याच्या पोरांबरोबर दिवसभर गच्च्यांवरून तारा ओढत फिरतो. शेजारी विचारतात, वहिनी, ओंकार केबलवाला झाला का? त्याच्या बाबांचं एकच, कुठल्याही कॉलेजात का होईना, पण कंप्युटर सायन्स. काकांनी एका इन्स्टिट्यूटचा फॉर्म आणलाय: ५जी, ६जी, आयओटी आणि एआय, एक वर्ष, ८५ हजार, नोकरीची हमी. त्यातले पाच हजार भरून झाले. ओंकार म्हणतो, मला तारांचंच आवडतं. हे नक्की काय आहे आणि यात करिअर असतं का, ते सांगाल? आणखी एक. धुताना त्याच्या शर्टावर काचेच्या केसांसारखे बारीक तुकडे सापडतात. ते कसले?"

ताई, नमस्कार.

फॉर्मचं आधी सांगते, कारण त्याला तारीख असेल. उरलेले ८० हजार भरू नका. ६जी नावाचं काही अजून बाजारात आलेलंच नाही. त्याची मानकं जगभर ठरायची आहेत, आणि आपल्या सरकारने मार्च २०२३ मध्ये ६जीचं धोरण मांडलं त्यातही नजर २०३० वर आहे. जे अजून बनलं नाही ते वर्षभरात शिकवून वर नोकरीची हमी देणाऱ्याला मी तरी दारात उभं करणार नाही. पाच हजारांची पावती असेल तर परत मागा. नसेल तर गेले समजा, आणि काकांना बोलू नका. त्यांनी मायेपोटीच आणलं.

आता ओंकारचं. गेल्या पावसाळ्यात आमच्या घरचं नेट चाललं गेलं. (इंदुरी मराठीत नेट नुसतं जात नाही, 'चाललं जातं'. पुण्याची माणसं हसतात, हसू देत.) राउटरवर लाल दिवा लुकलुकत होता. फोन केला तर उत्तर आलं, बंद करून चालू करा. दुसऱ्या दिवशी एकजण येऊन राउटर बदलून गेला, दिवा लालच. तिसऱ्या दिवशी बावीस-तेवीस वर्षांचा एक किडकिडीत मुलगा आला. त्याने राउटरकडे बघितलंसुद्धा नाही. खिशातून साबणाच्या वडीएवढं, उजेड मोजायचं पॉवर मीटर काढलं, पिवळी वायर त्यात खोचली आणि म्हणाला, "मॅडम, मायनस एकतीस. उजेडच पोचत नाहीये." मग वायर चाचपत चाचपत आतल्या खोलीत गेला आणि कपाट सरकवायला लावलं. दिवाळीची साफसफाई लवकर उरकताना आम्हीच ती वायर कपाटामागे काटकोनात दाबून बसलो होतो. त्याने ती सोडवली, मोठं वळण देऊन भिंतीला लावली, पुन्हा मीटर. मायनस वीस. दिवा हिरवा. चहालाही थांबला नाही.

त्या वायरीत वीज नसते, काचेच्या तंतूतून उजेड येतो, आणि काच फार वाकवली की उजेड वळणावरच बाहेर गळतो, एवढं त्या तिसऱ्याला पक्कं ठाऊक होतं. पहिल्या दोघांना नव्हतं, किंवा त्यांनी तो विचार केला नाही. ओंकार या तिघांतला कोण, हे टक्क्यांवरून कळणार नाही. त्यासाठी एक हिशेब देते. संध्याकाळी चहाच्या वेळी कागद-पेन्सिल घेऊन त्याला बसवा.

इंटरनेटवाल्याच्या ऑफिसात जे यंत्र असतं, मुलं त्याला ओएलटी म्हणतात, त्यातून उजेड निघतो प्लस ३ डीबीएमने. (डीबीएम म्हणजे उजेड किती त्याचं माप; मायनसचा आकडा मोठा तेवढा उजेड कमी. वाटेतली घट डीबीत मोजतात.) वाटेत एक स्प्लिटर एका तंतूचे चार करतो, तिथे साधारण ७ डीबी गेले. पुढचा स्प्लिटर त्या प्रत्येकाचे आठ करतो, तिथे साडेदहा. झाली बत्तीस घरं. चार किलोमीटर फायबरमध्ये सव्वा-दीड, आणि कनेक्टर नि जोड मिळून दोन धरा. घरात किती पोचायला हवं? उत्तर मायनस १८च्या आसपास यायला हवं. ते त्याला येईलच. खरा प्रश्न पुढे आहे. "घरी मीटरवर मायनस २४ दिसलं तर काय करशील?"

नेट तर चालू असतं. साधारण मायनस २७ पर्यंत ते बऱ्यापैकी चालतं. "चालतंय ना, मग झालं," असं ओंकार म्हणाला तर तो चांगला कारागीर होईल. त्यातही पोट भरतं आणि मी त्याला कमी लेखत नाही. पण "मधले सहा कुठे गेले?" असं त्याच्या तोंडून निघालं, तर मात्र ताई, कान टवकारा. सहा डीबी कमी म्हणजे यायला हवा त्याचा चौथा हिस्साच उजेड येतोय. बाकीचा कुठे तरी सांडतोय, एखाद्या घाईच्या जोडात, धूळ बसलेल्या कनेक्टरमध्ये, कुणाच्या कपाटामागे. नेट चालू असूनही ज्याला हे खुपतं, त्याला इंजिनिअरिंगला घालावं.

हे नक्की काय आहे, असं तुम्ही विचारलंत. सकाळी पोह्यांच्या ठेल्यावर जो छोटा डबा "पच्चीस रुपये प्राप्त हुए" ओरडतो, त्याच्या पोटात मोबाइलसारखंच सिम असतं. तुमचे पैसे बँकेतून बँकेत गेले, ही खबर कुठल्याशा शहरातल्या सर्व्हरवरून फायबरने टॉवरपर्यंत आणि टॉवरवरून हवेतून त्या डब्यात येते. यूपीआय २०१६ मध्ये आलं, पण माझ्या मते ठेलेवाल्याचा जीव भांड्यात पडला तो या डब्याने. जलेबी तळता तळता तेलकट हाताने फोन कोण बघणार? डबा गप्प झाला की तो झारा हवेत धरून गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघत राहतो. विजेचं स्मार्ट मीटर हेही याच जातीचं यंत्र. फॉर्मवरचं 'आयओटी' म्हणजे इंटरनेटला जोडलेली अशीच यंत्रं. यंत्रांच्या सिमसाठी आपल्याकडे वेगळे तेरा आकडी नंबर काढावे लागले, इतकी ती वाढली. डबा गप्प का झाला, हे शोधणारा माणूस लागतोच.

५जीचंही तसंच. आपल्याकडे ते १ ऑक्टोबर २०२२ला सुरू झालं. तुमच्या गॅलरीत फोनवर ५जी दिसतं आणि स्वयंपाकघरात ४जी, असं होत असेल तर फोन बिघडलेला नाही. ५जीच्या मुख्य लहरी ३३०० मेगाहर्ट्झच्या वरच्या. वेग भरपूर, पण भिंत आली की दमतात. ७०० मेगाहर्ट्झवाल्या भिंतीतून आत येतात, पण त्यांच्याकडे रस्ता अरुंद. कुठल्या लहरी कुठे वापरायच्या, टॉवरचा अँटेना किती झुकवायचा, हे ठरवणं हाच एक वेगळा पेशा आहे. त्यातली माणसं मोजणीची उपकरणं घेऊन गाडीतून गल्लीगल्ली फिरतात. पण हवेतून जातो तो शेवटचा तुकडाच. टॉवरच्या मागे फायबर असतं, आणि जिथे ते पोचलं नाही तिथे मायक्रोवेव्हची गोल डिश. ओंकार गच्चीवरून जे ओढतोय ते जुनंपुराणं काम नाही.

काका बहुतेक म्हणतील, आता उपग्रहावरून इंटरनेट येणार, तारा कशाला? उपग्रहावरून इंटरनेट देणाऱ्या स्टारलिंकला जून २०२५ मध्ये आपल्याकडचा परवाना मिळाला, त्यांचे उपग्रह साधारण पाचशे किलोमीटरवरून फिरतात, सगळं खरं. आलीराजपूरच्या डोंगरातल्या फळ्यावर, म्हणजे पाड्यावर, त्याचा उपयोग होईल. सुदामानगरात एका तंतूवर बत्तीस घरं बसत असताना छतावर डिश कोण लावेल?

ओंकारच्या बाबांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. कोणता फोन कुठल्या टॉवरखाली आहे, कुणाचा पॅक संपला, हे सांभाळणारा ५जीचा गाभा आता मोठाल्या खास यंत्रांत नसतो. साध्या सर्व्हरवर, लिनक्स नावाच्या ऑपरेटिंग सिस्टिमवर सॉफ्टवेअर म्हणून चालतो. २७ सप्टेंबर २०२५ला बीएसएनएलच्या देशी ४जीचं उद्घाटन झालं, सुमारे ९७,५०० टॉवर. त्यात गाभा सी-डॉट या सरकारी संशोधन संस्थेचा, टॉवरवरची रेडिओ यंत्रणा तेजस नेटवर्क्सची आणि सगळं एकत्र बांधण्याचं काम टीसीएसचं. म्हणजे रेडिओवाला आणि सॉफ्टवेअरवाला एकाच कामावर. म्हणून टेलिकॉमला गेलेल्या मुलाने "मला कोडिंग जमत नाही" म्हणून चालणार नाही. पायथन ही कोडिंगची भाषा आणि लिनक्स शिकावंच लागेल. बाबांना हे सांगा, त्यांचा अर्धा राग उतरेल.

उरलेला अर्धा कॉलेजचा. ८१ पर्सेंटाइलवर आपल्या इंदूरच्या जीएसआयटीएस कॉलेजच्या कंप्युटर शाखेकडे डोळे लावून बसू नका. मग राहतं एखादं खासगी कॉलेज आणि नावात एआय जोडलेली शाखा. त्यापेक्षा बरी लॅब असलेल्या कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन मला जास्त पटतं. काउन्सेलिंगच्या फेऱ्या सुरू होण्याआधी बाप-लेकाने दोन-तीन कॉलेजांत स्वतः जावं आणि कम्युनिकेशनची लॅब दाखवा म्हणावं. रेडिओ लहरी मोजून दाखवणारं स्पेक्ट्रम अनालायझर आहे का बघा, आणि असेल तर त्याच्या पडद्यावरचं प्लास्टिक निघालंय का तेही बघा. हसू नका, न निघालेलं मी पाहिलंय.

फी झेपत नसेल तर पॉलिटेक्निक. बारावी सायन्सवाल्याला डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षात थेट प्रवेश मिळतो आणि डिप्लोमानंतर बी.ई.च्या दुसऱ्या वर्षात. वर्ष एक जास्त जातं, पण मधल्या टप्प्यावर ज्युनिअर इंजिनिअरच्या भरतीला बसता येईल असा कागद हाती येतो. रेल्वेच्या सिग्नल-टेलिकॉम खात्याकडे लक्ष ठेवायला सांगा. गाड्यांची टक्कर टाळणारी 'कवच' यंत्रणा रेडिओ आणि फायबरवरच उभी आहे. बीएसएनएलची मोठी प्रशिक्षण संस्था तर आपल्याच जबलपूरला आहे, डिप्लोमा-डिग्रीच्या मुलांना तिथे ट्रेनिंग करता येतं. आणि जे ८५ हजारांत शिकवणार होते त्यातलं कामाचं बरंचसं फुकट आहे. एनपीटीईएल या वेबसाइटवर आयआयटीच्या प्राध्यापकांचे वर्ग आहेत, आणि सिस्को कंपनीच्या पॅकेट ट्रेसर या सॉफ्टवेअरमध्ये घरबसल्या अख्खं नेटवर्क जोडून, मोडून बघता येतं.

तोवर त्याचं जाणं थांबवू नका, फक्त एक अट घाला. विजेच्या खांबाला शिडी लावायची नाही. मालक म्हणाला तरी नाही, "सगळेच चढतात" म्हणाला तरी नाही. इथे कुठल्याही आईला वाटेल ती भीती मला शंभर टक्के रास्त वाटते. त्याऐवजी मालकाला विचारून त्याने तंतूची टोकं जोडणाऱ्या स्प्लाइसिंग मशीनपाशी बसावं. फायबर सोलायचं, स्पिरिटच्या कपड्याने पुसायचं, क्लीव्हर नावाच्या हत्याराने टोक अगदी सरळ तोडायचं, दोन टोकं मशीनमध्ये समोरासमोर ठेवायची. पडद्यावर ती जाड दांड्यांसारखी दिसतात, ठिणगी उडते, काच वितळून एक होते, आणि त्या जोडात किती उजेड गेला त्याचा आकडा येतो: ०.०२ डीबी. टोक वाकडं तुटलं असेल तर मशीन जोडायलाच नकार देतं. दिवसात वीस जोड केले की हात बसायला लागतो.

आता शर्टाचं. ती काचच आहे, ताई. फायबर तोडल्यावर उरलेली टोकं. जाडी सव्वाशे मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा आठवा भाग. बोटात शिरलं तर दिसत नाही आणि दोन दोन दिवस सलतं. तो शर्ट बाकीच्या कपड्यांत टाकू नका, हाताने चोळू नका. आधी चिकटपट्टीने टिपून घ्या, मग वेगळा धुवा. ओंकारला सांगा, काम करताना झाकणाची बाटली जवळ ठेवायची, टोकं तिच्यात टाकायची, त्या टेबलावर डबा खायचा नाही. आणि चालू फायबरच्या तोंडाला डोळा लावून उजेड येतोय का ते कधी बघायचं नाही. तो उजेड दिसत नाही, पण डोळ्यात जातो. हे त्याला तिथे कुणी सांगितलं नसेल, तर त्या इंटरनेटवाल्याचा नंबर मला पाठवा. मीच बोलते त्याच्याशी.