काँक्रीट, लाकूड, ॲल्युमिनियम आणि थर्माकोल, सगळ्यांची कॉम्प्रेसिव्ह स्ट्रेंथ (दाब सहन करायची ताकद) सारख्याच साइजचे तुकडे घेऊन मोजली तर चालेल का?

तुम्ही लिहिलंय की प्रोजेक्टसाठी चारही मटेरियलचे 50 मिमीचे क्यूब करायचे, एकाच मशीनमध्ये दाबायचे आणि कोण किती लोड घेतं त्याचा तक्ता करायचा. कल्पना चांगली आहे, नक्की करा, पण असाच केलात तर तक्त्यातले आकडे एकमेकांशी ताडून बघता येणार नाहीत. मी मटेरियल टेस्टिंगच्या लॅबमध्ये काम करतो, रोज हेच चालू असतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

फॉर्म्युला सोपाच आहे, लोड भागिले क्षेत्रफळ. 150 मिमीचा क्यूब म्हणजे 22,500 चौरस मिमी, तो 585 किलोन्यूटनला फुटला तर स्ट्रेंथ आली 26 मेगापास्कल (म्हणजे चौरस मिमीला 26 न्यूटन), झालं. अडचण वेगळीच आहे, तुकडा फेल झाला असं नेमकं कधी म्हणायचं हे प्रत्येक मटेरियलचं वेगळं असतं, आणि तुकड्याचा आकार बदलला की त्याच मटेरियलचा आकडाही बदलतो.

काँक्रीटपासून सुरू करू कारण सगळ्यात जास्त गडबड तिथेच होते. नीट फुटलेला क्यूब कधी हातात घेऊन बघा, चारही बाजूंच्या खपल्या निघालेल्या असतात आणि मधे दोन पिरॅमिड टोकाला टोक लावून उभे राहिल्यासारखे दिसतात. असं का होतं, तर वरून दाबलं की काँक्रीटला बाजूला फुगायचं असतं, पण मशीनच्या स्टीलच्या प्लेट घर्षणामुळे वरचा आणि खालचा भाग धरून ठेवतात, फुगू देत नाहीत. क्यूब बुटका असल्यामुळे ही पकड जवळजवळ आख्ख्या तुकड्यापर्यंत पोचते आणि स्ट्रेंथ आहे त्यापेक्षा जास्त दिसते. उंची व्यासाच्या दुप्पट असलेल्या सिलिंडरमध्ये मधला भाग मोकळा राहतो, म्हणून तेच काँक्रीट सिलिंडरमध्ये साधारण क्यूबच्या 80 टक्के स्ट्रेंथ देतं. काँक्रीट तेच, मशीन तेच, फक्त आकार वेगळा! म्हणून नुसतं 25 मेगापास्कल लिहून भागत नाही, क्यूब का सिलिंडर आणि किती मिमीचा हे सोबत हवंच. आणि 50 मिमीचा क्यूब काँक्रीटला लहानच पडतो, तुकड्याची सगळ्यात लहान बाजू खडीच्या सगळ्यात मोठ्या दाण्याच्या निदान तिप्पट हवी, म्हणजे 20 मिमीची खडी असेल तर 60 च्या खाली जाताच येत नाही. 50 मिमीचा क्यूब मॉर्टरसाठी, म्हणजे खडी नसलेल्या सिमेंट-वाळूच्या मिश्रणासाठी, ठीक आहे.

अजून दोन गोष्टी. क्यूब मशीनमध्ये ठेवताना आडवा करायचा, म्हणजे ओतताना वरची असलेली खडबडीत बाजू प्लेटला लागता कामा नये, मोल्डला लागलेल्या गुळगुळीत बाजू वर आणि खाली यायला हव्यात. तिथे वाळूचा एक कण जरी राहिला तरी लोड एका जागी एकवटतो आणि क्यूब वेळेआधीच एका कोपऱ्यातून फुटतो, प्लेट दर वेळी पुसाच. दुसरं म्हणजे लोड वाढवायचा वेग. भराभर दाबलं की आकडा वाढून येतो. क्यूबसाठी सेकंदाला 0.6 मेगापास्कलच्या आसपास ठेवतात, म्हणजे 150 च्या क्यूबला सेकंदाला साडेतेरा किलोन्यूटन, वरचा 585 चा क्यूब त्या हिशोबाने पाऊण मिनिटात फुटेल. आणि क्युरिंगच्या (काँक्रीट पक्कं होण्यासाठी भिजत ठेवायच्या) पाण्यातून काढलेला क्यूब ओला असतानाच टेस्ट करतात, सुकला की आकडा थोडा वर जातो.

लाकडाला तर दिशा असते. तंतूंच्या दिशेने दाबलं तर चांगलं वाळलेलं पाइन 35 ते 50 मेगापास्कल देईल, तेच आडवं दाबलं तर जेमतेम 3 ते 6. आडवं दाबलेलं लाकूड फुटतही नाही, नुसतं चेपत जातं, त्यामुळे किती चेपलं की थांबायचं हे आधीच ठरवावं लागतं. उभं दाबलेल्या तुकड्यावर मात्र एक तिरकी सुरकुती उमटते, तिथे तंतू वाकलेले असतात, ती दिसली की लोड उतरायला लागतो. ओलावा लिहायला विसरू नका, 12 टक्के ओलाव्याच्या लाकडापेक्षा ताजं कापलेलं ओलं लाकूड जवळपास निम्म्यावर येतं.

ॲल्युमिनियम तर फुटायचंच नाव घेत नाही. मऊ ग्रेडचा तुकडा दाबत राहिलात तर तो पिंपासारखा फुगतो, क्षेत्रफळ वाढतं आणि लोड वाढतच जातो, शेवटी मशीनची क्षमता संपते पण तुकडा काही तुटत नाही. तिथे जास्तीत जास्त लोडला काहीच अर्थ नाही. लोड आणि तुकडा किती आकसला याचा ग्राफ काढायचा आणि तुकडा 0.2 टक्के कायमचा आकसला तेव्हाचा स्ट्रेस (लोड भागिले क्षेत्रफळ), म्हणजे यील्ड, तक्त्यात लिहायचा. कास्ट आयर्न मिळालं तर तेही घ्या, ते धातू असूनही तिरक्या चिरेने खटकन तुटतं आणि ताणात जेवढं टिकतं त्याच्या तीन-चारपट दाबात टिकतं, मला स्वतःला ही टेस्ट बघायला कायम आवडते.

थर्माकोलचा प्रश्न मशीनचा आहे. त्याचा स्ट्रेस 10 टक्के चेपला की वाचतात, त्याआधीच सर्वात जास्त लोड येऊन गेला तर तो घेतात. शंभरचा ग्रेड म्हणजे 100 किलोपास्कल, त्यामुळे 100 मिमीच्या तुकड्याला फक्त 1 किलोन्यूटन लागतो आणि तुमच्या 50 च्या तुकड्याला तर त्याचा चौथा हिस्सा. काँक्रीटच्या 2,000 किलोन्यूटनच्या मशीनला एवढं काही कळतच नाही, छोट्या लोड सेलची (लोड मोजणाऱ्या सेन्सरची) यूटीएम, म्हणजे युनिव्हर्सल टेस्टिंग मशीन, शोधा.

तर तक्ता करताना स्ट्रेंथसोबत आकार, साइज, दिशा, ओलावा, लोडचा वेग आणि फेल कशाला धरलं, एवढे रकाने ठेवा, प्रत्येकाचे निदान तीन तुकडे घ्या. क्यूब फोडताना गार्ड लावा आणि गॉगल घाला, जास्त स्ट्रेंथचं काँक्रीट फुटताना तुकडे जोरात उडतात. फुटलेल्या तुकड्यांचे फोटो काढून ठेवा, नंतर एखादा आकडा विचित्र वाटला तर तो का आला हे बऱ्याचदा फोटोवरूनच समजतं.