'व्हाइट कॉलर' म्हणजे पांढरपेशा का?

अमेरिकेतल्या पोलाद-शहरांवरचा एक समाजशास्त्रीय लेख मराठीत आणणाऱ्या एका वाचक ताईंनी विचारलं आहे : 'व्हाइट कॉलर'ला, म्हणजे कचेरीतल्या कामाला, 'पांढरपेशा' म्हटलं तर चालेल का, आणि मग 'ब्लू कॉलर'चं, म्हणजे अंगमेहनतीच्या कामाचं, काय करायचं? त्यांचं अडलेलं वाक्य साधारण असं आहे : ब्लू कॉलर घरात वाढून व्हाइट कॉलर नोकरीत शिरलेली पहिली पिढी.

गुन्ह्याबद्दल लिहीत असाल तर बेलाशक वापरा. नोकरीबद्दल लिहीत असाल तर जपून.

आधी कॉलरीकडे बघू, कारण ती खरोखरची कापडी कॉलर आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉय गावात १८२७च्या सुमारास हॅना माँटेग्यू नावाच्या बाईंनी नवऱ्याच्या सदऱ्याची कॉलर कापून वेगळी केली असं सांगतात. सदरा स्वच्छ आणि कॉलर तेवढी मळकी, मग अख्खा सदरा कशाला धुवायचा? त्यातून सुट्या कॉलरींचा एवढा मोठा धंदा उभा राहिला की ट्रॉयला 'कॉलर सिटी' हे नावच पडलं. या कॉलरी धुवून, खळ घालून, इस्त्री करून कडक करायचं काम बायकांकडे होतं. उकळतं पाणी, तापलेल्या इस्त्र्या, उभ्याने दिवसभर. १८६४ साली केट मुलॅनी या तरुण आयरिश धोबिणीने त्यांची संघटना बांधली. सुमारे ३०० बायकांनी काम बंद ठेवलं आणि २५ टक्के मजुरीवाढ मिळवली. (आपल्याकडे 'कॉलर ताठ' असणाऱ्यांनी खळ कोण घालत होतं हेही आठवावं.) कारकुनाच्या पांढऱ्या कॉलरीमागे पहिल्यापासून असे भाजलेले हात होते. अमेरिकेतल्या वर्गभेदाबद्दल हा एक तपशील पुष्कळ सांगून जातो.

'व्हाइट कॉलर' हा शब्द विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रुळला. निळी कॉलर मागाहून आली. १९२४ साली आयोवातल्या एका छोट्या गावच्या वर्तमानपत्रात, कचेरीतल्या कामांना व्हाइट कॉलर म्हणायचं तर कारागिरीच्या कामांना ब्लू कॉलर म्हणू, अशा अर्थाचं वाक्य सापडतं. निळाच का, तर डेनिम आणि शांब्रे ही मजुरांच्या कपड्यांची कापडं निळी असत, आणि निळा हा मळखाऊ रंग.

आता आपला शब्द. 'पेशा' फारसी, अर्थ व्यवसाय. पण 'पांढरपेशा'मध्ये व्यवसायापेक्षा जात जास्त भरलेली आहे. शेती किंवा अंगमेहनत न करता लेखणीवर जगणाऱ्या ब्राह्मण, प्रभू वगैरे जातींचा तो शब्द. त्यामुळे दोन वेळची भ्रांत असलेला भिक्षुकही पांढरपेशा आणि चार घरं बांधलेला सुतार मात्र नाही. अमेरिकेतला कारकून नोकरी सुटून गिरणीत लागला की सोमवारपासून ब्लू कॉलर होतो. आपला पांढरपेशा चहाची टपरी टाकूनही पांढरपेशाच राहतो, वर 'पांढरपेशा असूनही टपरी टाकली' म्हणून त्याचं कौतुक होतं.

अर्थात तिकडचा सदराही जन्माशी अगदीच असंबद्ध नव्हता. दुसऱ्या महायुद्धावरून परतलेल्या सैनिकांना १९४४च्या कायद्याने शिक्षण आणि घरकर्जाची मदत मिळाली, १९४७पासून न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर लेव्हिटटाउन ही घरांची नवी वसाहत उभी राहिली, आणि तिथली घरं कृष्णवर्णीयांना नाकारली गेली. म्हणून आणखी एक धोका : अशा लेखात 'पांढरपेशा' आला की वाचकाला तो 'गोरा' वाटू शकतो.

गुन्ह्याचं वेगळं. १९३९ साली फिलाडेल्फियात समाजशास्त्रज्ञ एडविन सदरलंड यांनी 'व्हाइट कॉलर क्राइम' ही कल्पना मांडली, तेव्हा त्यांचा रोख प्रतिष्ठित, वरच्या थरातल्या माणसाने आपल्या धंद्याच्या ओघात केलेल्या गुन्ह्यावर होता. प्रतिष्ठा हाच मुद्दा असल्यामुळे 'पांढरपेशी गुन्हेगारी' तिथे नेमकी बसते. उलट दुसरे समाजशास्त्रज्ञ सी. राइट मिल्स यांनी १९५१मध्ये व्हाइट कॉलर लोकांवर पुस्तक लिहिलं, त्यात दुकानातल्या विक्रेत्या मुली आहेत, टायपिस्ट आहेत. त्यांच्याकडे ना शेत, ना दुकान. विकायला फक्त हसरा चेहरा आणि वेळ. त्यांना पांढरपेशा म्हणणं म्हणजे नसलेला मान देणं.

ताईंनी विचारलेलं नाही, पण याहून मोठा खड्डा 'मध्यमवर्ग' या शब्दात आहे. १९५०मध्ये जनरल मोटर्स आणि वाहन कामगारांची संघटना यांच्यात पाच वर्षांचा करार झाला. पगारवाढ आणि निवृत्तिवेतन बांधून मिळालं. अशा करारांच्या जोरावर घर आणि गाडी घेतलेला कामगार स्वतःला 'मिडल क्लास' म्हणू लागला, आणि पुढारी आजही त्याला तेच म्हणतात. मराठीत गिरणगावातला कामगार कधी मध्यमवर्गात मोजला गेला नाही. आपला मध्यमवर्ग सदाशिव पेठेत किंवा दादरला राहायचा. तेव्हा 'मिडल क्लास' दिसला की लेखकाला नक्की कोण अभिप्रेत आहे ते तपासा. 'वर्किंग क्लास'साठी मी 'कष्टकरी' वापरेन. 'कामगार वर्ग' म्हटलं की भोंगा आणि लाल बावटा डोळ्यांपुढे येतो. आजच्या अमेरिकेत या वर्गात दुकानातली कॅशियर आणि वृद्धाश्रमातली मदतनीसही येते. पुष्कळ अभ्यासक तर आता सदरा सोडून चार वर्षांची पदवी आहे की नाही यावर वर्ग ठरवतात, आणि ती पंचवीस वर्षांवरच्या साधारण ३८ टक्के लोकांकडेच आहे.

'निळी कॉलर' असं भाषांतर कृपया करू नका. कुणी बोलत नाही. 'ब्लू कॉलर' तसंच ठेवा किंवा काम सांगा. कॉलरीहून ठळक भेद पगाराच्या पद्धतीत आहे. १९३८च्या कायद्यानुसार तासावर काम करणाऱ्याला ओव्हरटाइमचा दीडपट दर मिळतो, साहेब लोकांना बांधलेला पगार, ओव्हरटाइम नाही. याचाच आधार घेऊन ताईंचं वाक्य मी असं करेन : 'आईवडील कारखान्यात तासाच्या मजुरीवर राबले, मुलं त्या घरातून कचेरीतल्या पगारी नोकरीत गेलेली पहिलीच.'