मुलगी मंगळ सोडायला तयार नाही

‘आम्ही पत्रिका मानत नाही, पण आमची मुलगीच स्वतःच्या मंगळाचे कारण सांगून प्रत्येक स्थळ नाकारते, तिला कसे समजवावे?’ हा प्रश्न आता पालकांकडून वरचेवर येतो. असाच प्रश्न घेऊन आलेल्या एका कुटुंबाची हकीकत, ओळख पटू नये इतके तपशील बदलून, येथे देत आहे.

मुलगी 31 वर्षांची, अभियंता, स्वतःच्या पायावर उभी असलेली. घरात आई आणि धाकटा भाऊ. बहिणीला पटवण्यात भावाने काही कसर ठेवली नव्हती. कुंडलीतील 12 स्थानांपैकी 1, 4, 7, 8 किंवा 12 या स्थानी मंगळ असला की पत्रिका मंगळाची धरतात, म्हणजे हा योग मुळीच दुर्मीळ नाही, हे त्याने तिला मांडून दाखवले होते. डॉ. जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रात घेतलेल्या आणि 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीचाही त्याने दाखला दिला होता. कोणती पत्रिका हुशार मुलाची आणि कोणती बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाची, हे त्या चाचणीत 27 ज्योतिष्यांनी प्रत्येकी 40 पत्रिका पाहून सांगितले आणि त्यांची उत्तरे सरासरी 46 टक्केच बरोबर आली. नाणे उडवून ठरवले असते तरी निम्मी बरोबर आली असती. मुलीने हे सारे मान्य केले आणि मला म्हणाली, “भाऊ सांगतो ते मला पटते. तरी भीती जात नाही.”

तिचे हे वाक्य मला फार महत्त्वाचे वाटले. पटूनही जी भीती जात नाही तिचे मूळ बहुधा वादाच्या विषयात नसतेच, म्हणून मी मंगळाबद्दल काही न बोलता, लग्न झाले तर नेमके काय होईल असे वाटते, एवढेच विचारले. “त्याला काहीतरी होईल,” असे ती म्हणाली आणि पुढच्या काही भेटींत त्यामागची गोष्ट हळूहळू बाहेर आली. ती बारावीत असताना वडील अचानक गेले होते आणि दिवसकार्यासाठी जमलेल्या नातेवाइकांपैकी एक बाई तिच्या कानावर पडेल अशा आवाजात म्हणाल्या होत्या, “पोरीचा मंगळ बापाला भोवला.” खरे तर ज्योतिषातही मंगळाचा हा दोष वैवाहिक जीवनापुरता सांगितला जातो, वडिलांशी त्याचा संबंध जोडत नाहीत, पण दुःखात बुडालेल्या सतरा वर्षांच्या मुलीने ते वाक्य तपासून घ्यावे, अशी अपेक्षा कोणी ठेवावी?

अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1955 च्या सुमारास विवेकनिष्ठ उपचारपद्धतीची मांडणी केली. घटना आपल्याला थेट दुःखी किंवा भयभीत करत नाही, घटनेविषयी आपण बाळगलेला समज ते करतो, हे तिचे सूत्र आहे. या मुलीचा समज ‘माझा जीव ज्याच्यावर जडेल त्याचा घात होईल’ असा होता आणि तो टिकून राहण्याची व्यवस्था तिच्या नकारांतच होती. स्थळ नाकारले की तिला सुटल्यासारखे वाटे, तो मुलगा सुखरूप राही, आणि आपण नकार दिला म्हणूनच तो सुखरूप राहिला असे तिचे मन धरून चाले. समज चुकीचा ठरण्याची संधीच त्यामुळे कधी येत नव्हती. याहून खोल असे आणखी एक कारण होते: मंगळाला दोष देता येत होता तोवर वडिलांच्या मृत्यूला निदान काही कारण तरी होते, आणि ते कारण सोडायचे म्हणजे वडिलांना नव्याने गमावण्यासारखे होते. भावाच्या आकडेवारीला या दुःखाचे उत्तर देणे शक्यच नव्हते.

मी आईला वडिलांची रुग्णालयातील कागदपत्रे घेऊन बोलावले. वडिलांना अनेक वर्षांचा मधुमेह होता आणि हृदयविकाराचा एक झटका आधीही येऊन गेला होता. मुलीच्या परीक्षेवर परिणाम होऊ नये म्हणून ही गोष्ट मुलांपासून लपवण्यात आली होती. आईने ती मुलीला प्रथमच सविस्तर सांगितली. त्या दिवशी दोघी खूप रडल्या आणि कामाला खरी सुरुवात त्यानंतर झाली.

म्हणून अशा पालकांना माझे सांगणे असते की मंगळ खरा की खोटा, हा वाद घरात घालू नका. भीती कोणाला काय होण्याची आहे ते विचारा, आणि त्या भीतीशी जोडलेली जी गोष्ट मुलांना कधी सांगितली नाही ती आता सांगा.

ही मुलगी पुढे एका ज्योतिष्यांकडेही जाऊन आली. भाऊ संतापला, पण मी त्याला आवरले. तिची श्रद्धा काढून घेणे हे माझे काम नव्हते. निर्णय भीतीच्या हातून तिच्या हाती यावा, एवढेच मला हवे होते. काही महिन्यांनी आईचा काळजीचा फोन आला, कारण तिने पुन्हा एक स्थळ नाकारले होते. कारण विचारले तेव्हा कळले की लग्नानंतर तिने नोकरी सोडावी अशी त्या मुलाची अट होती. हा नकार काळजी करण्यासारखा नाही, असे मी आईंना सांगितले.