पोस्टर कलरचा लेप सपाट का बसत नाही?

प्रश्न : शाळेत असताना मी एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही परीक्षा दिल्या होत्या; त्यानंतर जवळजवळ चाळीस वर्षे ब्रश हातात घेतला नाही. जलरंगात चूक झाकता येत नाही, म्हणून आता निवृत्तीनंतर पोस्टर कलर आणले. परंतु मोठ्या जागेत पट्टे उमटतात, दुसरा हात दिला की खालचा रंग उखडून गढूळ होतो आणि वाळल्यावर छटा भलतीच दिसते. हे रंग शाळकरी मुलांचे समजून सोडून द्यावेत का? (एक वाचक, मिरज)

उत्तर : कृपया सोडू नका. मुघल, राजस्थानी, पहाडी आणि दख्खनी लघुचित्रे पोस्टर कलरसारख्याच अपारदर्शक, म्हणजे खालचे झाकणाऱ्या, जलरंगांत रंगवलेली आहेत. त्या रंगांतही बांधणीसाठी डिंक असे, आणि लेप कागदात नीट बसावा म्हणून चित्र पालथे ठेवून त्याची पाठ अकीकाच्या गुळगुळीत दगडाने घोटत असत. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात अशी चित्रे पाहायला मिळतात. तेथील एखाद्या चित्राच्या सपाट पार्श्वभूमीकडे काही वेळ निरखून पाहिलेत, तर हे माध्यम बालिश आहे ही शंका मनात राहणार नाही.

आपल्या तिन्ही अडचणींचे मूळ बहुधा पाण्याच्या प्रमाणात आहे. बाटलीत रंग तळाशी बसलेला असतो, म्हणून तो आधी तळापासून ढवळावा, आणि संपूर्ण जागेला पुरून उरेल इतका रंग एकाच वेळी वाटीत कालवावा, कारण अर्ध्यावर रंग संपला की तीच छटा पुन्हा जुळत नाही. रंग ढवळलेल्या दह्याइतका दाट असावा. ब्रश चपटा घ्यावा, हात एकाच दिशेने चालवावा आणि वाळू लागलेल्या भागावर पुन्हा फिरवू नये. पट्टे दिसलेच, तर पहिला लेप पूर्ण वाळू द्यावा आणि दुसरा आडव्या दिशेने द्यावा.

खालचा रंग उखडतो, कारण डिंक वाळल्यानंतरही पाण्यात पुन्हा विरघळतो. म्हणून वरचा लेप खालच्यापेक्षा थोडा घट्ट असावा, ब्रश बुडवल्यावर फडक्याला टिपून घ्यावा आणि एका जागी एकदाच टेकवून उचलावा. घासत राहिल्यास चिखल होणारच. मात्र घट्टपणाचा अतिरेकही नको, जाड थराला वाळल्यावर तडे जातात.

छटा बदलणे हा या रंगांचा स्वभावच आहे. फिकट छटा वाळल्यावर सहसा किंचित गडद होते, तर गडद छटा फिकी पडते. त्याच कागदाची एक पट्टी शेजारी ठेवून तिच्यावर प्रत्येक मिश्रण लावावे आणि ते वाळल्यानंतरच चित्राला हात लावावा. या पट्टीचा कंटाळा करू नये असे मी विद्यार्थ्यांना नेहमी बजावतो. फिकट छटा करताना आधी पांढरा घेऊन त्यात रंग थेंबाथेंबाने मिसळावा; उलट केल्यास पांढरा रंग वाया जातो. पिवळ्याची सावली काळ्याने करू नये, ती हिरवट दिसते. त्याऐवजी तपकिरी वापरावा.

सरावासाठी खिडकीजवळ तांब्याचा एक तांब्या ठेवा. जलरंगात कोरा कागद राखून उजेड दाखवतात. येथे तो शेवटी वरून ठेवायचा असतो. बर्न्ट सायना (तांबूस तपकिरी), शेंदरी आणि यलो ऑकर (मातकट पिवळा) मिसळून मधली छटा तयार करावी आणि संपूर्ण आकार तिने सपाट भरावा. तो वाळल्यावर पोटाच्या सावलीच्या बाजूला गडद तपकिरी द्यावा, आणि दोन छटांच्या सीमेवर जेमतेम ओलसर ब्रश एकदाच फिरवावा, म्हणजे कडा विरघळून गोलाई येते. येथे मात्र डिंकाचा तोच गुण कामी येतो. मग गळ्याजवळचा उजळ नारिंगी भाग करावा. सगळ्यात शेवटी, बारीक गोल ब्रशच्या टोकावर पांढऱ्यात कणभर पिवळा घेऊन काठावरची चमक एका स्पर्शात ठेवावी. ती चुकल्यास लगेच पुसू नका. वाळू द्या आणि मधल्या छटेने झाकून पुन्हा ठेवा. त्यासाठी ती छटा झाकणाच्या डबीत जपून ठेवलेली असावी.