दुपारचा सूर्य उत्तरेला होता

आपला प्रश्न असा आहे की, सातपुड्यात आणि सह्याद्रीत नियमित भटकणाऱ्या माणसाला जुलै महिन्यात सिडनीजवळच्या ब्लू माउंटन्समध्ये एक दिवसाची पायी भटकंती कितपत जड जाईल, आणि तिथे कोणाची फजिती झाली आहे का. माझी झाली आहे, आणि ती डोंगर अवघड होता म्हणून झाली नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

मी चोपड्याचा, निवृत्त शिक्षक. सातपुड्याच्या पायथ्याशी आयुष्य गेले. सातपुड्यातल्या अस्तंबा डोंगराची यात्रा अनेकदा केली आणि तोरणमाळ, मनुदेवी, पाटणादेवी हे परिसर तर पायाखालचेच. माझी लेक आणि जावई सिडनीच्या पॅरामाटा भागात राहतात. तिथल्या जुलैत, म्हणजे ऐन हिवाळ्यात, जावईबापू आणि मी आगगाडीने ब्लू माउंटन्समधल्या कटूंबा गावी गेलो आणि जेमिसन दरीत उतरून ‘रुइन्ड कॅसल’ नावाच्या खडकाळ सोंडेपर्यंत जाऊन परत यायचे ठरवले. परतीला दरीतून वर आणणारी छोटी रेल्वे गाठायची होती, आणि ती संध्याकाळी पाचच्या आतच बंद होते.

पहिली गोष्ट ध्यानात घ्या. आपल्याकडे ताज्या दमाने डोंगर चढायचा आणि थकल्यावर उतरायचे, अशी सवय असते. कटूंबा मात्र सुमारे हजार मीटर उंचीच्या पठारावर आहे. तिथे सकाळी शेकडो पायऱ्या उतरून दरीत जायचे आणि दिवसभराच्या चालीनंतर, गुडघे बोलू लागल्यावर तेवढेच चढायचे. वेळेचा आपला सगळा अंदाज यामुळे उलटा पडतो.

पण खरी चूक दुपारी झाली, आणि ती सर्वस्वी माझी होती. सोंडेवर दशमी आणि ठेचा खाऊन आम्ही सव्वा वाजता खाली उतरलो, तेव्हा मुख्य पायवाट दोन्ही बाजूंना जात होती. उंच निलगिरींमुळे दूरचे काहीच दिसत नव्हते. कटूंबा उत्तरेला आहे एवढे ठाऊक होते. सूर्य तिरपा होता, सावल्या लांब होत्या; थंडीच्या दिवसांत दुपारचा सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो हे मी बापाच्या शेतात शिकलो होतो. सूर्याकडे पाठ केली की तोंड उत्तरेला, असा हिशेब करून मी चालू लागलो. जावईबापूंनी फोनमधला नकाशा उघडला आणि दबक्या आवाजात म्हणाले, “आप्पा, हा ठिपका दुसरीकडे सरकतोय.” मी म्हणालो, “सूर्य काय खोटं बोलस का?” ते सासऱ्याच्या शब्दापुढे गप्प झाले आणि फोन खिशात ठेवून माझ्यामागे आले.

दक्षिण गोलार्धात दुपारचा सूर्य उत्तरेला असतो. हे मी मुलांना भूगोलात शिकवलेले होते, पण पायांना ते ठाऊक नव्हते. तासभर चालल्यावर झाडी विरळ झाली आणि समोर दरीच्या दक्षिणेकडच्या माउंट सॉलिटरी या डोंगराचा कडा उभा राहिला, म्हणजे आम्ही बरोबर उलट, दक्षिणेला आलो होतो. फोनला रेंज नसली तरी आधी उतरवून घेतलेल्या नकाशावर आपली जागा उपग्रहांच्या आधाराने अचूक दिसते, हेही मला त्याच वेळी समजले.

परत फिरलो ते घाईने. १९३१ साली कटूंब्याच्या बाजूच्या कड्याची मोठी दरड कोसळली होती आणि आमची पायवाट तिच्या खडकांवरून जात होती. तिथे पोहोचलो तेव्हा पाच वाजत आले होते. वर कड्याला अजून पिवळा उजेड होता, पण दरीत पायाखालचे दिसेनासे झाले होते. शेवाळलेल्या दोन दगडांच्या फटीत जावईबापूंचा उजवा बूट अडकला, ते पुढे कलले आणि वाळकी काटकी मोडावी तसा आवाज आला. घोट्याचे हाड पिचले होते, हे दुसऱ्या दिवशी कळले.

मला एकट्याने पुढे जाऊन मदत आणावीशी वाटत होती. अंधारात त्या खडकांवर दुसराही जायबंदी झाला असता, म्हणून थांबलो. बूट काढला नाही. सूज आल्यावर तो पुन्हा चढत नाही आणि तोच पायाला आधार देतो. नेच्याची वाळकी पाने आणि निलगिरीचा पाला जमवून जाड थर केला, कारण थंडी हवेपेक्षा जमिनीतून अधिक लवकर अंगात शिरते, आणि पाठीला पाठ लावून बसलो. शेकोटीची अनावर इच्छा झाली होती, पण तेलकट निलगिरीचा पाला किती झपाट्याने पेटतो आणि २०१९-२० च्या वणव्यांनी त्या डोंगरांचे काय केले, हे लेकीकडून ऐकले होते, म्हणून काडी ओढली नाही. जावईबापूंचे दात वाजत होते. कुडकुडणे थांबून बोलणे अडखळू लागले तर ते अधिक वाईट लक्षण असते, म्हणून मी त्यांना सारखे बोलते ठेवले. अमळनेरची त्यांची शाळा, तापीला आलेले पूर, जे सुचेल ते विचारले.

अकराच्या सुमारास दूरवरून “कूऽऽई” अशी लांब हाक आली. ही हाक सिडनी परिसरातील मूळ रहिवाशांच्या धारुग भाषेतली आहे. आमच्या सातपुड्यातले पावरा आदिवासी गुराखी नाल्यापलीकडे देतात तशीच ती झाडीतून आरपार येते. मी शिटी तीनदा वाजवली. लेकीने ००० या आपत्कालीन क्रमांकावर फोन केला होता आणि आमची वाट तिला ठाऊक असल्यामुळे बचाव पथक थेट तिथेच आले. त्यांनी पायाला खपच्या बांधल्या, उबदार पिशव्यांत आम्हाला गुंडाळले आणि उजाडेपर्यंत सोबत बसले. सकाळी हेलिकॉप्टरने जावईबापूंना दोरावरून उचलले. वर जाण्याआधी त्यांनी माझा हात धरला आणि “आप्पा, मी तेव्हाच ठामपणे सांगायला हवं होतं,” असे म्हणाले. मला उत्तर देता आले नाही.

आपण जुलैतच जाणार असाल तर सकाळी आठच्या आत दरीत उतरा आणि दोन वाजता जिथे असाल तिथून मागे फिरा. कटूंब्याच्या पोलीस ठाण्यात उपग्रहाला संकटाचा संदेश देणारे छोटे यंत्र विनामूल्य उसने मिळते. फोनला रेंज नसतानाही ते काम करते, आम्ही ते घेतले नव्हते. सोबत वयाने लहान कोणी असेल तर निघण्यापूर्वीच त्याला सांगा की, वाटेबद्दल शंका आली तर मान न राखता मला थांबव. आणि घरी जी व्यक्ती असेल, तिला परतण्याची वेळ तर सांगाच, पण त्यानंतर किती वेळ वाट पाहून फोन करायचा, हेही सांगून ठेवा. मी लेकीला सहा वाजता येतो एवढेच सांगितले होते. आठ वाजेपर्यंत, उगाच फोन केला तर आप्पांना आवडणार नाही या विचाराने, ती फोन हातात धरून दारात उभी होती.